गच्चीवरचे ऊन

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोघांचीच निर्विवाद सत्ता आहे. पाण्याच्या टाकीवर कावळ्यांची आणि उरलेल्या मोकळ्या जागेवर माझ्या आईची. चैत्र लागला की भल्या पहाटे कुरडयांचा चीक शिजतो आणि सूर्य वर यायच्या आत गच्चीभर प्लास्टिकचे कागद अंथरले जातात. कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या, सांडगी मिरच्या, शिवाय खालच्या-वरच्या बिऱ्हाडांनी विश्वासाने सोपवलेले पापड. तिथल्या उन्हाचा एक चौरस फूटही आई वाया जाऊ देत नाही. म्हणूनच 2024 च्या नोव्हेंबरात सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवर सोलर बसवण्याचा ठराव आला, तेव्हा मी घरी जाऊन काय सांगायचे या विवंचनेत पडलो. ठराव मांडणारा सेक्रेटरी मीच होतो!

हिशेब मोठा सुबक होता. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. दहा किलोवॅटला अर्धी गच्ची जाणार आणि महिन्याला बाराशे युनिट येणार. आमची लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे मिळून तेवढेच खातात. खर्च सहा लाख. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत सोसायट्यांना किलोवॅटमागे अठरा हजारांची मदत आहे; म्हणजे एक लाख ऐंशी हजार सुटले. उरलेले चोवीस बिऱ्हाडांत वाटले की प्रत्येकी साडेसतरा हजार. तीन वर्षांत वसूल.

मी हे वाचून दाखवले आणि टाळ्यांची वाट पाहिली. तळमजल्यावरच्या काकू उठल्या. त्या एकट्या राहतात, कुटुंबनिवृत्तिवेतनावर. म्हणाल्या, "मी लिफ्टमध्ये आजवर पाय ठेवलेला नाही. साडेसतरा हजार मी कशाचे भरू?" कोणीतरी म्हणाले की इमारत तीस वर्षांची झाली, उद्या बिल्डर आला की गच्चीसकट सारे पडणार. आणि शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनियरकाका बोलले. ते वीजक्षेत्रातूनच निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांच्या शब्दाला आमच्याकडे वजन आहे.

"राजस्थानात भडला म्हणून जागा आहे," ते म्हणाले. "तिथे 2017 साली सौरविजेचा दर युनिटला दोन रुपये चव्वेचाळीस पैशांवर आला होता. आपण सतरा-सतरा हजार काढून ही खेळणी कशाला मांडायची? वाळवंट ओसाड पडलंय. तिथे होऊ द्या वीज, तारेने इकडे येईल. ज्याचं काम त्यानं करावं!"

मीटिंग तहकूब झाली. मला मात्र तो 'ओसाड' शब्द काही केल्या सोडीना. मराठीच्या मास्तराला शब्दांचीच बाधा व्हायची. त्यात योगायोग असा की, अकरावी-बारावीला माझ्या वर्गात बसलेला सोलापूरकडचा एक मुलगा इंजिनियर होऊन त्याच भडल्याच्या परिसरात नोकरीला होता. "सर, एकदा या, सूर्याचं शेत दाखवतो," असे त्याचे दोन वर्षांचे आमंत्रण होते. नाताळच्या सुट्टीत मी, ही आणि आमची नववीतली मुलगी जोधपूरच्या गाडीत बसलो. आईने बरोबर मेथीचे ठेपले दिले आणि निघताना एवढेच म्हणाली, "बघून ये. पण माझी गच्ची विकून येऊ नकोस."

जोधपूरविषयी मी लिहीत नाही. किल्ल्याचे फोटो तुम्ही घरोघर पाहिले असतील. एका दुपारी मात्र आम्ही पंचवीसेक किलोमीटरवरच्या खेजडली गावी गेलो. महाराजा अभयसिंहाच्या बांधकामाला चुना हवा होता आणि चुन्याच्या भट्टीला लाकूड. 1730 साली राजाची माणसे खेजडीची झाडे तोडायला या गावात आली, तेव्हा अमृतादेवी नावाच्या बिष्णोई बाईने झाडाला मिठी मारली. ती मारली गेली, तिच्या मुली मारल्या गेल्या आणि मग एकामागून एक माणसे झाडांना बिलगत गेली. तीनशे त्रेसष्ट.

स्मारकाशेजारच्या खेजडीची काटेरी फांदी हाती धरून मुलीने विचारले, "बाबा, हे कसलं झाड?" पाने निरखून पाहिली आणि मी चमकलो. ही तर आपली शमी! पांडवांनी जिच्या ढोलीत शस्त्रे ठेवली, दसऱ्याला जिची पूजा करून आपण सीमोल्लंघन करतो, तीच. आमच्याकडच्या खेड्यांत तिला सौंदड म्हणतात. आपल्याला तिची आठवण वर्षातून एकदा होते. मारवाडात ती रोजच्या जगण्यात आहे. तिचा पाला शेळ्या-उंटांना, त्याला 'लूंग' म्हणतात. शेंगा माणसांना, त्या 'सांगरी'. पिकावर तिची सावली पडली तरी पीक मरत नाही, उलट बरे येते. ही हात चालवून शेंगा शोधू लागली, तेव्हा मी घाईघाईने तिला जीपकडे वळवले. ज्या झाडासाठी एवढी माणसे गेली, त्याच्याशी आमच्या कुटुंबाने सलगी न केलेली बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने फलोदी. हे गाव मिठाचे आणि उन्हाचे. 19 मे 2016 रोजी इथे एक्कावन्न अंश तापमान नोंदले गेले. त्या वेळी तो देशातला उच्चांक होता. आम्ही गेलो तेव्हा मात्र दात वाजत होते. स्टेशनावर माझा विद्यार्थी जीप घेऊन उभा. त्याने आधी आम्हांला जवळच्या खिचन गावी नेले. हजारो करकोचे तिथे दाणे टिपत होते. लोक त्यांना कुरजां म्हणतात. ते मंगोलिया, मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरते येतात आणि गावकरी त्यांच्यासाठी धान्य टाकतात. ओसाड म्हणतात त्या मुलुखात पाहुण्यांना एवढी वाढणी! मी तो शब्द मनातल्या मनात एकदा खोडला.

बाप नावाचे गाव मागे पडले, तशी माती पिवळट होत गेली. पाच-दहा मैलांत एखादी ढाणी, म्हणजे चार-पाच घरांची वस्ती. आणि मग क्षितिजावर पाणी दिसले. मुलगी ओरडली, "समुद्र!" जवळ गेलो तसे पाणी निळे-काळे झाले, नंतर त्याच्या सरळ ओळी झाल्या. सगळ्या पट्ट्या एका कलाने दक्षिणेकडे तोंड करून, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या. छप्पन्न चौरस किलोमीटरांवर हा पसारा आहे, सुमारे चौदा हजार एकर. क्षमता दोन हजार दोनशे पंचेचाळीस मेगावॅट. मी खिशातल्या कागदावर भागाकार केला: आमच्या गच्चीसारख्या सव्वादोन लाख गच्च्या म्हणजे एक भडला. इंजिनियरकाकांना तिथूनच नमस्कार करावासा वाटला.

ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढं पुसायचं कोणी?"

विद्यार्थी हसला. "वहिनी, खरा प्रश्न तोच आहे. आठवडाभर पुसलं नाही तर धुळीनं वीज घटते. आणि धुवायला इथे पाणी कुठलं? म्हणून रात्री कोरडे ब्रश फिरवणारी यंत्रं ओळीओळीने धावतात." त्याने आणखी एक गंमत सांगितली. आपल्याला वाटते की जितके ऊन कडक तितकी वीज जास्त. प्रत्यक्षात पट्टीला हवा असतो उजेड. उष्णता तिला सोसत नाही. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला तिचा जोर शेकडा अर्ध्याच्या जरा कमी, असा उतरत जातो. मे महिन्यात पट्टीच पासष्ट अंशांवर तापते. म्हणजे सहावा-सातवा हिस्सा तिथेच गेला. तरीही हे आकाश वर्षातले इतके दिवस निरभ्र असते की, सगळे तोटे वजा जाता हिशेब वाळवंटाच्याच बाजूने राहतो. हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण मी गेलो होतो तो मनातून काकांना खोटे पाडायला.

वीज मात्र जागेवर करून भागत नाही, ती न्यावी लागते. भडल्यातून निघणारे मनोरे आणि तारा पाहिल्या की वाटते, कोणी आकाशालाच वही समजून रेघा मारल्या आहेत. 2025 साली तर राजस्थानात तारांची कामे मागे पडल्यामुळे दुपारची तयार होऊ शकणारी वीज काही वेळा सोडून द्यावी लागली. आणि याच तारा माळढोकाच्या जिवावर उठल्या आहेत. हा पक्षी पंधरा किलोपर्यंत वजनाचा. त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तार दिसेपर्यंत जड अंगाला वळणे जमत नाही. जगात तो दीडशेच्या आसपास उरला आहे आणि बहुतेक या थरच्या भागातच. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली तारा जमिनीखालून न्या असे सांगितले. ते सरसकट जमणारे नाही असे सरकारचे म्हणणे पडल्यावर 2024 च्या मार्चमध्ये तो हुकूम बदलून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे दिला.

"आमच्या आजोबांच्या शेतात माळढोक यायचा, सर," विद्यार्थी म्हणाला. "नान्नजचं अभयारण्य त्याच्यासाठीच झालं, 1979 साली. मी लहानपणी पुष्कळ हिंडलो, मला काही दिसला नाही. आता त्याच्या शेवटच्या घरात येऊन मी तारा ओढतोय." आणि लगेच, कामाच्या माणसाच्या आवाजात, "पण कोळशापेक्षा हे बरंच ना, सर?"

मी बरे म्हणालो. खरेच बरे आहे.

कुंपणाच्या कडेने जाताना एक म्हातारबा शेळ्या हाकत येताना दिसले. लाल पागोटे, अंगावर घोंगडी. आमच्या जीपवाल्याच्या ओळखीचे निघाले. त्यांनी आम्हांला ढाणीवर चहाला नेले, आणि नाही म्हणायची सोय तिकडेही आपल्याइतकीच कमी आहे. मातीचे गोल झोपडे, समोर सारवलेले अंगण. चहा शेळीच्या दुधाचा. छपरावर पाहतो तो एक लहानशी सौरपट्टी, जेमतेम दारावरच्या पाटीएवढी. तिच्यावर दोन दिवे आणि एक पंखा चालतो. मैलभरावर दोन हजार मेगावॅट चमकत होते आणि ही ढाणी आपली वीज आपल्या छपरावर करीत होती!

मी बोट दाखवून हसत काहीतरी बोललो. म्हातारबांना त्यात हसण्यासारखे दिसले नाही. ते म्हणाले, "ही माझी आहे. बिघडली तर मी आणि माझा नातू बघतो. ती तुमची आहे." पूर्वी सकाळी शेळ्या सोडल्या की त्या सरळ नाडीवर, म्हणजे तळ्यावर, जात. आता कुंपण आडवे आल्यामुळे वळसा पडतो. जमीन सरकारी, सातबाऱ्यावर म्हणा किंवा तिकडच्या कागदावर म्हणा, चरणाऱ्याचे नाव कधीच नव्हते. कागदावर ती पडीक. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या जनावरे जगली, हा काही पुरावा धरत नाहीत. असली रिकामी म्हणून नोंदलेली जागा कुठे गायरान असते, कुठे ओरण. ओरण म्हणजे त्यांच्याकडची देवराई, जिथे कुऱ्हाड चालत नाही. जैसलमेरकडे ओरणांवरून आणि बिकानेरकडे खेजडीवरून लोक धरणे धरून बसतात, ते याचसाठी.

एवढे ऐकून माझे डोळे पाणावणार, तोच जीपवाला म्हणाला, "साहेब, माझं उलटं आहे. माझी बारानी जमीन होती, पाऊस पडला तर बाजरी. कंपनीने भाड्याने घेतली. ही जीप त्या पैशाची. भाऊ तिथेच चौकीदार आहे." म्हातारबा काही बोलले नाहीत. ज्याच्याकडे कागद होता त्याला जीप मिळाली आणि ज्याच्याकडे नव्हता त्याला वळसा.

निघताना त्यांनी आम्हांला ढाणीपलीकडची एक खेजडी दाखवली. जुनी, बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. तिच्या आजूबाजूला जमिनीत खुंट्या ठोकल्या होत्या आणि बुंध्यावर चुन्याची फुली होती. "विचारा तुमच्या मुलाला, ही राहणार का?" विद्यार्थ्याने मान खाली घातली. ती जागा पुढच्या एका प्रकल्पात येते, म्हणाला. तो त्यांच्या कंपनीचा नाही. तरी विचारून सांगतो. म्हातारबांनी हिच्या हातात वाळलेल्या सांगरीची पुरचुंडी ठेवली. सलगी अखेर झालीच.

परतीच्या वाटेवर मेहसाण्याला उतरून आम्ही मोढेरा पाहिले. सूर्यमंदिर पाहायचे असे हिच्या मनात होते, आणि सूर्यग्राम पाहायचे असे माझ्या. दोन्ही एकाच गावात. मंदिर सोळंकी राजा भीमदेवाच्या वेळचे, 1026-27 च्या सुमाराचे. पुढ्यातल्या कुंडाच्या पायऱ्यापायऱ्यांवर लहान-लहान देवळे आहेत. गाभाऱ्यात मूर्ती नाही, पूजा नाही. ऊन मात्र आत येते आणि रिकाम्या जागी पडून राहते.

गाव पाहायला मूर्तीची गरज नव्हती. 2022 च्या ऑक्टोबरात मोढेरा हे चोवीस तास सौरविजेवर चालणारे देशातले पहिले गाव म्हणून जाहीर झाले. तेराशेहून अधिक घरांवर एकेक किलोवॅटच्या पट्ट्या, आणि एवढ्याने भागत नाही म्हणून शेजारच्या सुज्जनपुऱ्याला सहा मेगावॅटचे शेत आणि रात्रीसाठी मोठी बॅटरी. खर्च ऐंशी कोटींच्या वर, केंद्राचा निम्मा, राज्याचा निम्मा. म्हणजे जिथे प्रत्येक घराला आपले छप्पर आहे, तिथेसुद्धा छपराच्या जोडीला शेत घ्यावेच लागले. ही गोष्ट मला भडल्याइतकीच महत्त्वाची वाटली. एका ओट्यावर मिरच्या निवडीत बसलेल्या बहेनना हिने बिलाचे विचारले. बिल पुष्कळ उतरले होते. "आणि वाळवण?" हिने आईच्या वतीने विचारले. बाई म्हणाल्या, पट्ट्या एका अंगाला घेतल्या, दुसऱ्या अंगाला मिरच्या. यात विचारण्यासारखे काय, असा त्यांचा चेहरा होता.

गाडीत मी पुन्हा कागद काढला. आमची सबंध गच्ची, आईचे वाळवण हद्दपार करून झाकली, तरी वीस किलोवॅट. चोवीसशे युनिट. चोवीस घरे, लिफ्ट आणि पंप मिळून महिन्याला सहा हजारांच्या आसपास खातात. शेजारच्या वीस मजली टॉवरच्या गच्चीचे तर बोलायलाच नको, आणि ज्यांना गच्चीच नाही अशा चाळींचे काय? वाळवंट लागणारच आहे. पण 2025 च्या जानेवारीत देशातली सौरविजेची क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली, तेव्हा तिच्यात छपरांचा वाटा पाचवा हिस्साही नव्हता. आमची छपरे तापत पडलेली आणि कोणाच्या शेळ्या वळसा घेत चाललेल्या, ही वाटणी मला पटेना. लिफ्टपुरते तरी आपण आपल्या उन्हावर चढावे.

मार्चच्या मीटिंगमध्ये मी हे जमेल तसे सांगितले. म्हातारबांचे सांगताना आवाज थोडा मास्तरी झाला असावा, कारण दोघेजण घड्याळ पाहू लागले. काकांनी मात्र नीट ऐकले. "दर माझाच बरोबर आहे," ते म्हणाले. मी कबूल केले. "पण त्या दरात शेळ्या धरलेल्या नाहीत, हेही खरं," असे पुटपुटून त्यांनी हात वर केला, वर करारात दुरुस्तीची पाच वर्षांची हमी लिहून घ्यायची अट घातली. तळमजल्यावरच्या काकूंचे पैसे पंप त्याही वापरतात म्हणून माफ झाले नाहीत. दरमहा पाचशे रुपयांनी घ्यायचे ठरले. चौदा विरुद्ध आठ. त्या आठांपैकी काहीजण अजून माझ्याशी जिन्यात बोलत नाहीत.

मे महिन्यात पट्ट्या बसल्या. आईने त्याआधीच गेरूने गच्चीवर रेघ ओढून ठेवली होती. बसवायला आलेल्या मुलांनी ती टेपने मोजून पाहिली आणि मानली. रोज संध्याकाळी काका आजची युनिटे व्हॉट्सॲपवर टाकतात. आषाढात आकडे असे खाली आले की, विरोधी पक्षाने हसण्याच्या खुणा पाठवल्या. सांगरीची भाजी आईने गवारीसारखी गूळ घालून केली. मारवाडात कोणाला कळता कामा नये, पण बरी झाली.

दसऱ्याला विद्यार्थ्याचा फोन आला. सोने घ्या, सोन्यासारखे राहा, वगैरे झाले. आमची युनिटे ऐकून तो खूश झाला. मग मी त्या खेजडीचे विचारले. क्षणभर पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज. "तिकडे बऱ्याच दिवसांत जाणं झालं नाही, सर," तो म्हणाला. "बघून सांगतो."

अजून फोन आलेला नाही.